स्वयंसेवा : रणभूमीपासून जनभूमीपर्यंत

'स्वयंसेवक' हा शब्द आज इतका परिचयाचा झाला आहे की, त्यामागे काही इतिहास असेल अशी कल्पनाही सहसा मनात येत नाही. यात्रेत पाणी वाटणारा, सभामंडपात वृद्धांना जागा करून देणारा, महापुरात अन्नाची पाकिटे घेऊन धावणारा, रक्तदान शिबिरात नावे नोंदविणारा, हे सारे स्वयंसेवकच. परंतु ज्या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून तो आपल्याकडे रुळला, तो 'व्हॉलंटियर' हा शब्द मूळचा छावणीतला होय. सक्तीने नव्हे, तर आपल्या इच्छेने सैन्यात दाखल झालेला मनुष्य, असा त्याचा सतराव्या शतकातील रूढ अर्थ होता. रुग्णसेवा, आपद्ग्रस्तांना साहाय्य, समाजकार्य हे अर्थ त्याला पुढे क्रमाक्रमाने प्राप्त झाले.

रणभूमीवरून जनभूमीवर झालेला या शब्दाचा हा प्रवास मोठा उद्बोधक आहे. सेवा ही स्वेच्छेची असते, हे वाक्य उच्चारण्यास सोपे. परंतु ती इच्छा नेमकी कोणाची, ती व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे काय आणि केवळ इच्छा असली म्हणजे सेवा घडते काय, हे प्रश्न या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर उभे राहतात.

सोल्फेरिनोचा धडा

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांचे संयुक्त सैन्य आणि ऑस्ट्रियाचे सैन्य यांच्यात घनघोर संग्राम झाला. एका दिवसात मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ४० हजार सैनिकांची हानी झाली. जिनिव्हाचा एक तरुण व्यापारी हेन्री द्युनाँ आपल्या अल्जीरियातील व्यवसायाच्या कामासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनची भेट घेण्याच्या हेतूने त्या परिसरात आला होता. त्याला दिसले ते कास्तिल्योने गावाच्या रस्त्यांवर आणि चर्चमध्ये पडलेले हजारो घायाळ सैनिक. त्यांना पाणी देणारेही पुरेसे कोणी नव्हते.

द्युनाँ वैद्य नव्हता, सैनिकही नव्हता. त्याने गावातील स्त्रियांना व तरुणांना एकत्र केले, पाणी, कापडाच्या पट्ट्या, अन्न यांची व्यवस्था लावली. जखमी कोणत्या सैन्यातील, हे पाहावयाचे नाही, असा दंडक तेथे आपोआप पडला. ऑस्ट्रियन सैनिकांचीही त्या खेडवळ स्त्रियांनी तितक्याच मायेने शुश्रूषा केली.

मात्र द्युनाँचे मोठेपण केवळ त्याच्या करुणेत नाही. उपचारांची व्यवस्था असती, तर वाचली असती अशी कितीतरी माणसे त्याच्या डोळ्यांसमोर प्राणास मुकली. उत्स्फूर्त धावपळीला असलेली मर्यादा त्याला तेथेच उमगली. १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्याने असा विचार मांडला की, प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची मंडळे स्थापन व्हावीत आणि त्यांना आधीच प्रशिक्षण मिळालेले असावे. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती जन्मास आली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर स्वाक्षऱ्या केल्या. पुढे दिवाळखोरीत निघालेला आणि विस्मृतीत गेलेला हाच द्युनाँ १९०१ मध्ये शांततेच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा सहमानकरी ठरला.

येथे एक विरोधी मतही नोंदविले पाहिजे. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना द्युनाँची योजना मान्य नव्हती. जखमी सैनिकांची काळजी घेणे हे त्यांना युद्धावर धाडणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे. स्वयंसेवी मंडळांनी तो भार उचलला तर सरकारे आपली जबाबदारी झटकतील आणि युद्ध करणे त्यांना अधिक सोपे जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. सेवेला आयुष्य वाहिलेल्या एका स्त्रीनेच घेतलेला हा आक्षेप आजही विचारात घेण्याजोगा आहे.

सेवेचाही हक्क नाही

युरोपात स्वयंसेवेचे शास्त्र आकार घेत असताना हिंदुस्थानात प्रश्न वेगळाच होता. येथे १८५७ नंतर युरोपीय व अँग्लो-इंडियन नागरिकांच्या स्वयंसैनिक पलटणी उभ्या राहिल्या. परंतु सर्वसाधारण हिंदी माणसाला त्यात प्रवेश नव्हता. १८८५ मध्ये अफगाण सीमेवर रशियाशी युद्धाचे सावट पडले, तेव्हा अनेक सुशिक्षित हिंदी नागरिकांनी स्वयंसैनिक म्हणून नाव नोंदविण्याची तयारी दाखविली. सरकारने ती स्वीकारली नाही. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या दुसऱ्या अधिवेशनात हा हक्क मागणारा ठराव करण्यात आला. पगारी शिपाई म्हणून ज्यांचे रक्त चालत होते, त्यांची स्वेच्छा मात्र राज्यकर्त्यांना नको होती. कारण स्वेच्छेने पुढे येणारा मनुष्य हा प्रजाजन न राहता नागरिक होऊ लागतो.

नाताळचे शुश्रूषा पथक

या हक्काची कसोटी लागली ती दूर दक्षिण आफ्रिकेत. १८६० पासून नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर पाच-पाच वर्षांच्या करारावर नेले जात. तेच 'गिरमिटिये'. त्यांच्यामागून व्यापारी गेले. १८९३ मध्ये मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर तेथे पोहोचले. ऑक्टोबर १८९९ मध्ये इंग्रज व बोअर यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा हिंदी लोक केवळ पैसा मिळविण्यासाठी येथे आले आहेत, संकटात ते उपयोगी पडणार नाहीत, असा गोऱ्यांचा आरोप होता. गांधीजींची सहानुभूती मनाने बोअरांकडे होती. तथापि ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागावयाचे, तर कर्तव्यही केले पाहिजे, असा त्यांचा त्या काळचा विचार होता. शस्त्र न धरता जखमींची सेवा करण्याची तयारी हिंदी समाजाने कळविली. पहिले उत्तर आले ते आभारपूर्वक नकाराचे.

मिशनच्या रुग्णालयाचे डॉ. बूथ यांनी इच्छुकांना शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण दिले. पुढे रणांगणावर इंग्रजांची हानी वाढू लागली, तेव्हा नकाराचे रूपांतर निमंत्रणात झाले आणि डिसेंबर १८९९ मध्ये सुमारे ११०० जणांचे पथक डर्बनहून निघाले. १५ डिसेंबरच्या कोलेन्सोच्या पराभवात आणि जानेवारी १९०० मधील स्पियन कॉपच्या भीषण लढाईत या पथकाने जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेले. पथकाने गोळीबाराच्या टप्प्याबाहेर काम करावे, असे मुळात ठरले होते. स्पियन कॉपच्या वेळी जनरल बुलर यांनी कळविले की, पुढे येण्याचे बंधन तुमच्यावर नाही; मात्र आलात तर सरकार ऋणी राहील. पथक पुढे गेले. खांद्यावर घायाळ माणूस घेऊन दिवसाला वीस ते पंचवीस मैलांची चाल त्यांना करावी लागली. बुलर यांच्या अहवालात या कार्याचा उल्लेख झाला आणि पथकाच्या ३७ प्रमुखांना युद्धपदके मिळाली.

हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. ११०० पैकी स्वतंत्र हिंदी रहिवासी होते सुमारे ३००. उरलेले सुमारे ८०० गिरमिटिये होते. पथकप्रमुख विनावेतन आले होते, आपल्या मर्जीने आले होते. गिरमिटिये मात्र मळेमालकांच्या अनुमतीने आले. ज्याला आपला मळा सोडून जाण्याचेही स्वातंत्र्य नव्हते, त्याच्या मनात सेवेची इच्छा होती की नव्हती, हे विचारले कोणी? त्यांच्या खांद्यांवर पडलेला भार मात्र प्रमुखांच्या भाराहून तिळभरही कमी नव्हता.

लेडीस्मिथच्या वेढ्यातील परभूसिंग या गिरमिटियाची हकीकत या संदर्भात स्मरणीय आहे. शेजारच्या टेकडीवरून बोअरांची तोफ डागली जाताना धूर दिसला की घंटा वाजवून गावाला सावध करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यासाठी झाडावर, शत्रूच्या माऱ्यात बसून राहावे लागे. त्याने एकदाही घंटा चुकविली नाही. त्याची कीर्ती हिंदुस्थानापर्यंत पोहोचली आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी त्याच्यासाठी काश्मिरी वस्त्राची भेट पाठविली. करारबद्ध मजुराच्या अंगीही पराकोटीची कर्तव्यनिष्ठा असू शकते, याचा हा पुरावा होय. परंतु वस्त्राची भेट म्हणजे गिरमिटीतून सुटका नव्हे, हेही तितकेच खरे.

पदकांची परतपाठवणी

१९०६ मध्ये नाताळात झुलूंचा उठाव झाला. गांधीजींनी पुन्हा एक पथक उभारले; यावेळी ते सुमारे दोन डझनांचे होते. येथे त्यांना वेगळेच दृश्य दिसले. समोरासमोरचे युद्ध असे नव्हतेच. जखमींत मोठा भरणा होता तो फटके मारलेल्या झुलूंचा, ज्यांच्या चिघळलेल्या जखमांना हात लावण्यास गोरे शुश्रूषक तयार नव्हते. ते काम हिंदी पथकाने केले. ज्या सत्तेच्या मदतीला आलो, तिच्याच हातून जखमी झालेल्यांची सेवा करावी लागली, हा अनुभव गांधीजींच्या अंतःकरणात खोलवर रुजला. त्याच वर्षी ११ सप्टेंबर रोजी जोहान्सबर्ग येथील सभेत हिंदी समाजाने अन्यायकारक कायदा न मानण्याची शपथ घेतली. पुढे 'सत्याग्रह' या नावाने ओळखल्या गेलेल्या लढ्याची ती सुरुवात होती.

१९१४ मध्ये महायुद्धाच्या आरंभी लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांचे शुश्रूषा पथक स्थापन झाले. तेथे पथकाला न विचारता बाहेरचे विद्यार्थी नायक म्हणून नेमले गेले, तेव्हा सदस्यांनी हरकत घेतली. सैन्याची रीत आज्ञेची, स्वयंसेवकाची रीत संमतीची. त्यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. अखेर नेटली रुग्णालयात जखमींची रीघ लागली आणि वाद बाजूला ठेवून तडजोड झाली.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच उघडा झाला. आदल्या काही महिन्यांच्या सारा-सत्याग्रहात ज्या शेतकऱ्यांनी आपल्या गाड्या विनामूल्य दिल्या होत्या, त्यांनी सैन्यभरतीच्या प्रचारासाठी फिरणाऱ्या गांधीजींना भाड्यानेही गाडी देण्यास नाखुषी दाखविली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे गेली आणि त्यांपैकी ७४ हजारांवर परतली नाहीत. कागदोपत्री ही भरती स्वेच्छेची होती. प्रत्यक्षात दारिद्र्य आणि काही प्रांतांतील अधिकाऱ्यांचा दबाव यांनी त्या स्वेच्छेत किती वाटा उचलला, हे सांगणे न लगे. १९२० च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी कैसर-ई-हिंद पदकासह बोअर व झुलू युद्धांतील सेवेची पदके व्हाइसरॉयकडे परत पाठविली. केलेल्या सेवेचा पश्चात्ताप म्हणून नव्हे, तर त्या सेवेचा सन्मान करण्याचा नैतिक अधिकार सत्तेने गमावला म्हणून.

शिस्तीची शाळा

इच्छा स्वतंत्र असली तरी तेवढ्याने भागत नाही, हा दुसरा धडा देशातच मिळाला. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनात गांधीजींना दिसले की, स्वयंसेवक पुष्कळ आहेत, परंतु एकाला सांगितलेले काम तो दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर ढकलतो. शौचकूपांची दुर्गंधी असह्य झाली, तरी ते काम आपले नव्हे, असेच सर्वांचे म्हणणे. वर्षातून तीन दिवसांच्या स्वयंसेवकाला शिकविणार कोण आणि केव्हा? गांधीजींनी स्वतः झाडू मागून घेतला.

याचे उत्तर महाराष्ट्रात घडत होते. १२ जून १९०५ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवा हा फावल्या वेळचा उद्योग नसून त्यासाठी दीर्घ अभ्यास व आयुष्यभराची दीक्षा हवी, ही त्यामागील भूमिका होती. समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारून गिरणगावात वाचनालये, रात्रशाळा व वैद्यकीय साहाय्य नेले. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात याच समाजाच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक राबले. समाजाचे डॉ. देव यांनी तेथे शौचासाठी खड्डे खणवून घेतले होते. ते मातीने झाकण्याचे काम गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळींनी मागून घेतले. जे काम १९०१ मध्ये कोणाचेच नव्हते, ते चौदा वर्षांनी मागून घेण्याचे काम झाले.

पुढे १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहानंतर हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन केले. कवायत, गणवेश, बिगूल, संचलन ही सैन्याची अंगे त्यांनी घेतली. शस्त्र तेवढे वगळले. १९४१ मध्ये महाराष्ट्रात नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलानेही शाखा, शिबिरे व श्रमदान यांतून तरुणांच्या पिढ्या घडविल्या. छावणीतून निघालेला स्वयंसेवक नागरी जीवनात आला, तो छावणीची शिस्त बरोबर घेऊनच.

बंदुकीऐवजी कुदळ

हाच विचार त्या सुमारास युरोपात एका स्विस अभियंत्याच्या मनात आकार घेत होता. प्येर सेरेसोल हा स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचा पुत्र. सक्तीच्या लष्करी सेवेला त्याचा विरोध होता. परंतु देशाने सेवा मागू नये, असे त्याचे म्हणणे नव्हते. सैनिक जितके कष्ट सोसतो तितकेच कष्ट सोसून उभारणीचे काम करू द्या, अशी त्याची मागणी होती. १९२० मध्ये व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त खेड्यात त्याने लहानसा गट नेला आणि त्यात कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनीतील माणसेही होती. ते काम काही महिन्यांतच थांबले, पण त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची चळवळ उभी राहिली. पुढील शिबिरांना शिस्त लावण्यास सेरेसोलचा स्वतःचा भाऊ, स्विस सैन्यातील कर्नल, साहाय्यभूत झाला, हे विशेष.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. सेरेसोल आपल्या सहकाऱ्यांसह मुजफ्फरपूर भागात आला आणि राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मदतकार्याशी संपर्क ठेवून पुढील तीन वर्षांच्या काळात तेथील खेड्यांच्या पुनर्वसनासाठी राबला. बोअर युद्धात हिंदी माणसांनी गोऱ्या सैनिकांना खांद्यावरून वाहिले होते. येथे युरोपातील माणसे बिहारच्या शेतकऱ्याची माती वाहत होती.

सोलापूरचे डॉ. कोटणीस

१९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानुसार निधी जमला आणि सप्टेंबरमध्ये डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी असे पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने कोणत्याही साम्राज्याच्या आज्ञेविना दुसऱ्या देशाला धाडलेले हे स्वयंसेवक होते. नाताळच्या पथकाशी तुलना करता यातच चार दशकांचे अंतर दिसून येते.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली होती. चीनमध्ये ते आठव्या मार्ग सेनेबरोबर आघाडीवर राहिले, चिनी भाषा शिकले, तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविले आणि १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. इतर चौघे परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांचे तेथेच निधन झाले.

उरलेला प्रश्न

स्वातंत्र्यानंतर सेवेचा हक्क मागावा लागला नाही. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना, १९४९ मध्ये आपला व्यवसाय सांभाळून देशरक्षणासाठी वेळ देणाऱ्या नागरिकांची प्रादेशिक सेना आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. भारतीय सैन्यात आजही सक्तीची भरती नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागातील गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा ढिगाऱ्यांवर जवान आणि स्वयंसेवक खांद्याला खांदा लावून उभे होते. मदतीला धावलेल्यांची गर्दी आणि प्रशिक्षित हात यांतील फरकही तेथे अनेकांना जवळून पाहावयास मिळाला.

या दीर्घ इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. द्युनाँने दाखविले की, करुणेला पूर्वतयारीची जोड हवी. कलकत्ता व हरिद्वार यांनी शिकविले की, कमी प्रतीचे काम म्हणून कोणतेही काम सेवेत नसते. नाइटिंगेल यांचा इशारा असा की, स्वयंसेवकाच्या उत्साहाआड कोणत्याही सत्तेने वा संस्थेने आपले कर्तव्य लपवू नये. आणि नाताळच्या त्या ८०० गिरमिटियांचा धडा असा की, राबणाऱ्या प्रत्येकाला स्वयंसेवक म्हणण्यापूर्वी 'नाही' म्हणण्याची मोकळीक त्याला होती काय, हे विचारले पाहिजे. आजही अनेक ठिकाणी गुणांसाठी, हजेरीसाठी, वरिष्ठांच्या मर्जीसाठी लोकांना सेवेत उभे केले जाते आणि त्याला स्वयंसेवा म्हटले जाते. पथकप्रमुखांची ३७ पदके इतिहासात नोंदली गेली. ज्यांनी स्ट्रेचरचे दांडे अधिक संख्येने धरले, त्यांची नावे आज बहुतेकांना ठाऊक नाहीत. सेवाकार्याची नोंद लिहिणाऱ्या प्रत्येकाने प्रमुखांच्या यादीखाली त्या नावांसाठीही जागा ठेवावी, एवढे तरी हा इतिहास आपल्याकडून मागतो.